टाकणारीनं मोजायचं नाही

४ जुलै

सात जणी गेल्या. सात! सकाळी कपडे बदलायच्या खोलीत गेले तर बारातले सात हुक रिकामे. मला वाटलं, उशीर झाला असेल बायांना. गोटी म्हणाली, "अगं शिडे, उशीर कसला? सर घेऊन गेले त्यांना." सर म्हणजे आमचे बास्केटबॉलचे कोच. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजनं त्यांना बोलावलं, आणि जाताना त्यांनी सात जणी भाजी निवडावी तशा निवडून नेल्या. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तरी मी गेले नसते.

उरलो पाच: मी, गोटी, कप्तान आणि गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या दोघी. संघात नाव असेल तरच हॉस्टेलची खोली. नाव गेलं की तीन दिवसांत सामान बाहेर. म्हणजे मी थेट ताईच्या घरी, इथून गाडीनं सहा तास. ताईला जुळी आहेत, भावजींना शांतता लागते, आई स्वयंपाकघराच्या दाराशी कॉट टाकून राहते. ताई म्हणते, "तू आलीस की माझे हात मोकळे." तिचे मोकळे म्हणजे माझे बांधलेले, आणि कॉलेजला रामराम. अजून दोन वर्षं आहेत माझी. काय वाट्टेल ते झालं तरी नाव ठेवायचं.

७ जुलै

नवीन मॅडम आल्या. गळ्यात शिट्टी, हातात कापडी मोजपट्टी. आल्या आल्या म्हणाल्या, "माझा कुणाच्या शब्दावर विश्वास नाही. टक्क्यांवर आहे." गोटीनं तिथल्या तिथे बारसं केलं: टक्केबाई.

पद्धत अशी. जमिनीवर निळ्या चिकटपट्टीनं पाच खुणा. प्रत्येक खुणेवरून वीस, असे रोज शंभर बॉल टाकायचे. जोडीदारीण बास्केटखाली उभी राहून बॉल परत देणार आणि गळ्यातल्या कार्डावर पेन्सिलीनं रेघ मारणार. टाकणारीनं प्रत्येक बॉलला मोठ्यांदा म्हणायचं, "वाक, उठ, सोड." का, तर मन मोजण्याकडे जाऊ नये म्हणून. "टाकणारीनं मोजायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "मोजणारीचा हात आखडतो." मग कार्ड मॅडमकडे, आणि आकडा भिंतीवरच्या फलकावर.

नव्या धरून आम्ही सोळा जणी. एक डिसेंबरला यादी लागणार, बाराच नावांची. पस्तीस टक्क्यांच्या खाली कुणी नको.

माझी जोडीदारीण अर्थातच गोटी. खोलीतही तीच, इथेही तीच. आज मी अठ्ठावीस, ती सव्वीस.

१९ जुलै

आज मी एक गोष्ट केली. लिहू की नको, पण लिहिते.

गोटीचे आज चोवीस झाले. एरवी बाईची अखंड बडबड चालू असते. बॉल हातात घेऊन फलकाकडे बघत बसली. मला तिच्याशिवाय त्या खोलीत राहायची कल्पनाच करवेना. कार्डावर पाच रेघा जास्त मारल्या. एकोणतीस. पाच म्हणजे काय, एका हाताची बोटं. मॅडम तिला म्हणाल्या, "शाबास, कोपर आत येतंय." गोटी माझ्याकडे बघून हसली, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. दमली असेल.

२ ऑगस्ट

मी तेहतीस!! उड्या मारत हॉस्टेलवर आले. मॅडमची पद्धत लागू पडतेय. मलाच जाणवतं, मनगट सुटतंय, बॉल हलका जातोय. सरांना कळायला हवं होतं.

गोटीचं काही खरं नाही. खरे सव्वीस, मी बत्तीस लिहिले. तिचं खेळात लक्षच नसतं. परवा म्हणे, "शिडे, आईच्या शिलाईच्या दुकानात बसून बटणं लावायला किती बरं वाटत असेल ना?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? मी आहे ना, तुला पडू नाही देणार." बिचारी. एकेकाला आधार लागतो.

१७ ऑगस्ट

पहिला सामना. मी अकरा बॉल टाकले, दोन गेले. गोटी सहातला एक. सव्वीस गुणांनी आपटलो.

त्यांच्या बास्केटची कडी कडक होती, बॉल आदळून बाहेर येत होता. शिवाय त्या हॉलमध्ये खिडक्या एका बाजूला, उजेड डोळ्यांवर. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सरावात तुमची सरासरी छत्तीस आणि सामन्यात अठरा? हे दडपण आहे. सराव वाढवू." आता सकाळी शंभर आणि संध्याकाळी शंभर.

१ सप्टेंबर

गळती थांबत नाही. पट्टा बांधणाऱ्यांपैकी एक गेली, नव्यांपैकी तीन गेल्या. त्यातली एक जाताना दारात उभी राहून म्हणाली, "इथे सगळ्यांचे टक्के वाढतात आणि कुणी खूश दिसत नाही." म्हटलं, जा बाई, तुला काय कळतंय. कुणी गेली की मॅडम फलकावर तिच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवतात आणि वर नवं नाव लिहितात. एका जागी तर तीन पट्ट्या झाल्यात, फुगून आलंय तिथे.

फलक मात्र बघण्यासारखा. सगळ्या रेषा वर. कप्तान एकोणपन्नास, मी एकोणचाळीस, गोटी सदतीस. परवा प्राचार्य स्वतः येऊन फोटो काढून गेले. मॅडमचा चेहरा असा फुलला होता की मला त्यांचीच काळजी वाटली. त्यांची नोकरी मार्चपर्यंतच आहे म्हणतात, पुढचं निकालावर.

नव्यांमध्ये एक बारकी पोरगी आलीय. बुटाच्या नाड्या दोन्हीकडे सारख्या लांबीच्या करून घेते. मी तिचं नाव काटा ठेवलं, तराजूचा.

१३ सप्टेंबर

ताईचा फोन. "काय ते चेंडू टाकत बसलीस? इथे ये, मुलं तुझी आठवण काढतात." मुलं दीड वर्षाची आहेत, त्यांना स्वतःची आठवण नाही. आई मागून म्हणाली, "तिला राहू दे गं." आईचा आवाज हल्ली मागूनच येतो.

फोन ठेवला आणि हिशोब डोक्यात फिरायला लागला. गोटीचे काल चाळीस लिहिलेत. खरे पंचवीस. आता मी थांबू कशी? उद्या खरे लिहिले तर मॅडम विचारतील, एका रात्रीत पंधरा कुठे गेले? रोज एखादा वाढवायचाच, कमी करता येत नाही. नाव माझं शिडी, आणि खाली उतरायची सोय नाही. गोटीला यातलं काही माहीत नाही ते बरं आहे. ती खिडकीपाशी बसून माझ्या जर्सीचं उसवलेलं शिवत होती. आमची खिडकी उघडतच नाही, कपाट आडवं येतं. कपाट हलवायला परवानगी नाही.

२८ सप्टेंबर

आजच्या सामन्यात मॅडमनी माझ्यासाठी खास डाव आखला. चौघींनी अडवायचं आणि बॉल माझ्याकडे, डाव्या कोपऱ्यात. कारण फलकावर मी त्रेचाळीस. नऊ वेळा बॉल आला. नऊ वेळा मी मोकळी. एक गेला.

आठव्या वेळी मला वाटलं, बॉल माझ्याकडे येऊच नये. असं कधी वाटलं नव्हतं. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अगं उंच आहेस, नुसता ठेव ना आत!" कप्तान माझ्याकडे बघत नव्हती. तिचे स्वतःचे बारातले दोन.

सरावात त्रेचाळीस आणि इथे हे. माझ्यातच काहीतरी गडबड आहे. माझं मन कच्चं आहे.

१२ ऑक्टोबर

सराव संपल्यावर गोटी म्हणाली, "थांब. तुला एक सांगायचंय. कधीचं सांगायचंय." माझ्या लगेच लक्षात आलं. तिला कळलं असणार मी तिच्यासाठी काय करते ते, आणि आता आभार मानणार. मला असले प्रसंग झेपत नाहीत. म्हटलं, "काही बोलू नकोस. मला सगळं माहितीये."

"माहितीये?" डोळे एवढाले झाले.

"केव्हापासूनच. आणि माझं काहीच म्हणणं नाही. मैत्रिणी कशाला असतात?"

ती माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मीही रडले. छान वाटलं. "मग तरी तू चालू ठेवणार?" तिनं विचारलं. म्हटलं, "प्रश्नच नाही." त्यावर ती जरा विचित्र बघत राहिली.

२२ ऑक्टोबर

सरांचा फोन आला! "अगं शिडी, सेहेचाळीस? तू?" मॅडमनी मिरवायला म्हणून फलकाचा फोटो सरांच्या कॉलेजला पाठवला होता. त्यांची शूटर पाय मोडून बसलीय. नऊ नोव्हेंबरला सर स्वतः बघायला येणार. पसंत पडले तर दोन वर्षं तिकडचं हॉस्टेल पक्कं, यादी नाही, पट्ट्या नाहीत. प्राचार्यांनी सूचनाफलकावर लावूनसुद्धा टाकलं.

गोटीला सांगितलं तर म्हणाली, "नको जाऊस. नाही म्हण." मी म्हटलं, "का?" तर म्हणे, "तुला तर सगळं माहितीये ना!" मला राग आला. माझ्याशिवाय हिचं कसं होणार ते मला कळतं, पण म्हणून मी इथेच कुजायचं का? आता दोन दिवस तिच्याशी बोलणार नाही.

३ नोव्हेंबर

मॅडमनी आज एका दिवसापुरत्या जोड्या बदलल्या. यादीच्या आधी सगळ्यांनी दुसरीचे मोजायचे म्हणे. मला काटा मिळाली.

कार्ड बघितलं. सत्तावीस.

माझं डोकंच फिरलं. "डोळे आहेत की बटणं? सत्तावीस?" ती घाबरली, पण हटली नाही. "ताई, मी प्रत्येक बॉल मोठ्यांदा मोजलाय. तुम्ही 'वाक, उठ' म्हणत होता म्हणून ऐकू आलं नसेल." मी म्हटलं, पुन्हा मोज. पुन्हा शंभर टाकले, आणि या वेळी ओठांनी वाक-उठ-सोड म्हणत मनात मोजले. सत्तावीसच. तिचं कार्ड फाडलं आणि तशीच घामेजलेली खोलीवर गेले.

गोटी कपडे घड्या करत होती. मी विचारलं, "माझे खरे किती होत होते?"

तिनं घडी खाली ठेवली. "सत्तावीस, अठ्ठावीस. एकदा तीस झाले होते, त्या दिवशी मला फार आनंद झाला. पण तू तर म्हणालीस, माहितीये."

"मी माझ्या रेघांबद्दल बोलत होते. मी तुझे वाढवत होते त्याबद्दल!"

"ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये. मी मोजते मनात. माझा हात काही आखडत नाही, तो तसाच वाईट आहे."

मग म्हणाली, "शिडे, मी जुलैतच जाणार होते. चोवीस झाले त्या दिवशी ठरवलं होतं, बॅग भरायची आणि आईच्या दुकानात. तर तू एकोणतीस लिहिलेस. माझ्यासाठी खोटं बोललीस तू. मग मी कशी जाऊ? आणि तुझे अठ्ठावीस मॅडमना कसे देऊ?"

मी जमिनीवरच बसले. चार महिने मी हिला वाचवत होते म्हणे. कर्म माझं! जिला जायचं होतं तिला मी डांबून ठेवलं, आणि तिनं मला. आम्ही दोघी हसायला लागलो, आणि थांबताच येईना, शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

मग हसू गेलं. नऊ तारखेला सर येणार आहेत.

६ नोव्हेंबर

सरांना नाही म्हणायला मॅडमकडे गेले होते. दारातच त्या म्हणाल्या, "तू माझं पहिलं यश आहेस." मी तशीच मागे फिरले. खरं सांगितलं तर माझं नाव जाईल, गोटीचं जाईल, आणि मॅडम बाकीच्यांचे पुन्हा मोजतील. कप्तानच्या जोडीदारणीकडे आता नीट बघते तर तिचीही पेन्सिल जरा जास्तच चालते. सगळ्याच. एकमेकींच्या पेन्सिलींवर लटकलोय आम्ही, एकीनं सोडलं की सगळ्या खाली.

९ नोव्हेंबर

सर आले. केस पांढरे झालेत जरा. माझ्या पाठीवर थाप मारली, "चल, दाखव." वाक-उठ-सोड म्हणायला लागले तर म्हणाले, "हे काय मंत्र म्हणतेस? गप्प टाक."

पन्नासला त्यांनी थांबवलं. तेरा. मीही मोजले होते.

"फलकावर कुणी लिहिलं गं ते?" आवाज खाली आणून विचारलं. गोटी बास्केटखाली बॉल छातीशी धरून उभी होती. सर म्हणाले, "जुलैत तुला नेलं नाही ते याचसाठी. आदळून आलेला बॉल उचलून दुसरीला देण्यात तुझा हात कुणी धरत नाही, पण ते कुणी मागत नाही." मग घड्याळ बघितलं आणि गेले. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. खूप वेळ मारलं.

विचारलं असतं तरी गेले नसते असं मी इथेच कुठेतरी लिहिलंय. धावत गेले असते.

१० नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. फक्त माझं. "मॅडम, माझे अठ्ठावीस आहेत. आधीपासून."

त्यांनी दार लावलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्या खुर्चीत बसल्या आणि मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडवत राहिल्या. "प्राचार्यांनी तो फलक वार्षिक अहवालात छापायला दिलाय," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर. खाली माझं नाव."

"मग काय करायचं?"

"काल तुझा दिवस वाईट होता. होतं असं." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू कुणाशी काही बोललेली नाहीस. मीही काही ऐकलेलं नाही. जा, सरावाची वेळ झाली."

त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर

गोटी गेली.

काल फलकापाशी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझे पंचवीस आहेत. जोडीदारणीचा दोष नाही, मीच तिला फसवलं." दुसऱ्या कुणाबद्दल अक्षर नाही. मॅडमनी तीन दिवस दिले, तिनं एकच घेतला. बॅग कधीची भरलेली होती.

"तूही चल," म्हणाली. "आईला दुकानात दोन हात हवेच आहेत." मी म्हटलं, माझं कॉलेज. मी म्हटलं, ताई मला परस्पर ओढून नेईल. मी बरंच काय काय म्हटलं. ती ऐकत होती, आणि मला कळत होतं की मी घाबरलेय, बाकी काही नाही. फाटकापाशी मला म्हणाली, "मोजत जा गं शिडे. तुझ्यापुरतं तरी." रिक्षात बसली आणि मोठ्यानं शीळ घातली, तीही बेसूर. एवढं खूश मी तिला पाच महिन्यांत बघितलं नव्हतं. मला तिचा इतका हेवा वाटला की हात हलवायचंच राहिलं.

१ डिसेंबर

यादी लागली. दुसरं नाव माझं. गोटीच्या नावावर पट्टी, पट्टीवर कुणी नवी. तीच आजपासून माझ्या खोलीत. कॉट कुठली घेऊ, म्हणून विचारत होती.

काटाही यादीत नाही. तिचे सगळ्यांत खरे होते, चौतीस.

मॅडम म्हणाल्या, संघाची मुख्य शूटर म्हणून माझे बॉल यापुढे त्या स्वतः मोजतील. गळ्यात कार्ड अडकवून बास्केटखाली उभ्या राहिल्या. मी वाक-उठ-सोड म्हणत टाकत गेले आणि मनात मोजत गेले. आज हात खरंच सुटला होता. एकतीस. जुलैत अठ्ठावीस होते. पाच महिन्यांत खरे तीन वाढले, माझे स्वतःचे, कुणी न दिलेले. शेवटचा बॉल जाळीतून खाली आला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं.

मॅडमनी कार्ड पुढे केलं. सत्तेचाळीस.

मी म्हटलं, "थँक यू, मॅडम."